तळ्याकाठच्या ढिगाचा राखणदार

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
उद्याने व जलाशय विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : तळ्यामागच्या ओळीतील शेवटच्या घरात राहणारी, शिवणकाम करणारी स्त्री, सुपुर्ददाराची सून.

विषय : तळ्याकाठी ठेवलेला विषारी मुळांचा ढीग नाहीसा झाल्याबद्दल अर्जदाराच्या सासऱ्यांवर बजावलेली नोटीस त्यांच्या नावावरून काढून अर्जदाराच्या नावे करण्याबाबत, तसेच तळ्याच्या काठाबाबत.

संदर्भ : १) सुपुर्दनाम्याचा भंग केल्याबाबतची आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांपैकी एकाचे उत्तर मिळाले.

महोदय,

१. आपली नोटीस पोचली. ती सासऱ्यांच्या नावे असल्यामुळे टपालवाल्याने ती अर्जदाराच्या हाती द्यावी की नाही याचा दारात उभे राहून बराच विचार केला. "त्यांचीच सही लागेल," असे तो म्हणाला. ते आता नाहीत असे अर्जदाराने सांगितल्यावर त्याने पेन खिशात ठेवले, नोटीस दिली आणि सायकल हातात धरून चालत गेला.

नोटिशीत विचारले आहे की, सुपुर्ददाराच्या, म्हणजे राखणीची लेखी हमी देणाऱ्या सासऱ्यांच्या, ताब्यात दिलेला माल, म्हणजे तळ्यातून उपटलेल्या वनस्पतींचा अंदाजे एक गाडीभर ढीग, कोठे गेला. तो कोणाच्या परवानगीने हलवला. आणि सुपुर्ददारावर कारवाई का करू नये. त्याचा खुलासा पुढे केला आहे. खुलासा लांबला आहे याची अर्जदारास जाणीव आहे. थोडक्यात लिहून पाहिले होते, पण थोडक्यात लिहिले की ते खोटे वाटते.

२. अर्जदार शाळांचे गणवेश शिवते. शिलाई मशीन मागल्या खोलीत खिडकीला लावलेले आहे. खिडकीतून परस, कोंबड्यांचे खुराडे, मागचे फाटक आणि फाटकापलीकडे आपल्या विभागाचे तळे, असे एका ओळीत दिसते. अर्जदाराचे पती काही वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर घरात अर्जदार आणि सासरे, असे दोघेच राहत होते. सासऱ्यांची सारी नोकरी एका इस्पितळात लिफ्ट चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते आपल्या मुलीकडे जाऊन राहू शकत होते. ते गेले नाहीत, आणि का गेले नाहीत हे त्यांनी सांगितले नाही.

अर्जदाराचे व त्यांचे कधी भांडण झाले नाही. भांडायला निदान बोलावे तरी लागते. ज्या माणसामुळे दोघांचे नाते होते तोच उरला नव्हता, आणि त्याच्याविषयी बोलण्याची दोघांचीही छाती होत नव्हती. जेवायला वाढले की ते "पुरे" म्हणत आणि अर्जदार "बरं" म्हणे. दिवसभराचे बोलणे तेवढ्यात संपे.

मग शेजारच्या वायरमनने एका खोक्यात घालून कोंबडीची पिल्ले आणून दिली. त्याच्या बहिणीकडे जास्तीची झाली होती. सासऱ्यांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांचे खुराडे केले. त्यानंतर घरात बोलणे सुरू झाले, ते सगळे कोंबड्यांविषयी. "तुरेवालीनं आज अंडं दिलं नाही." "उन्हामुळे असेल, बाबा." "काल तर ऊन नव्हतं." "मग कालचा राग असेल." यावर सासरे हसल्याचे अर्जदारास आठवते. विभागाच्या दृष्टीने या गोष्टीला महत्त्व नसेल, परंतु त्या कोंबड्या घरात काय होत्या हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून लिहिले.

घरात एक कुत्राही होता. उन्हे चांगली वर आल्याशिवाय तो उठत नसे आणि उठल्यावर सर्वांची पाहणी करून पुन्हा झोपत असे, म्हणून वायरमनने त्याचे नाव 'साहेब' ठेवले होते. अर्जदाराच्या मागील एका अर्जात "साहेब तळ्याकाठचे मूळ खाऊन मरण पावले" असे वाक्य होते, त्यावरून आपल्या कार्यालयातून दूरध्वनी करून कोणते साहेब, अशी विचारणा झाली होती. अर्जदाराचा कोणाचाही अपमान करण्याचा हेतू नव्हता व नाही.

३. सदर तळे रस्त्यावरचे पावसाचे पाणी साठवण्यासाठी आपल्या विभागाने खणले. त्याला आतून जाड काळे प्लॅस्टिक अंथरले आहे. काठ उतरता नाही. कढईच्या कडेसारखा सरळ खाली जातो. ओलसर शेवाळ धरले की त्या प्लॅस्टिकवर पाय तर सोडाच, नखही टिकत नाही. आत पडलेल्या जिवाला बाहेर यायला पायरी नाही, फळी नाही, धरायला दोरीसुद्धा नाही.

पहिल्याच वर्षी अर्जदाराची एक कोंबडी काठावर किडे टिपता टिपता घसरली. ती पोहत होती. कोंबडी थोडा वेळ तरंगते, मग पिसे भिजून जड होतात. सासऱ्यांनी लांब बांबू पुढे केला, पण कोंबडीला बांबू धरता येत नाही. त्या वेळी अर्जदाराने पहिला अर्ज केला, की काठाला एका बाजूने तरी उतार द्यावा किंवा जाळीचे कुंपण घालावे, आज कोंबडी गेली, उद्या एखादे मूल जाईल. त्या अर्जाला उत्तर मिळाले. "सदर तळे पाळीव पक्ष्यांच्या वापरासाठी नसल्याने त्यांच्या सोयीची तरतूद करता येत नाही," असे त्यात लिहिले होते. मुलाविषयी काही लिहिले नव्हते.

मग सासऱ्यांनी आणि वायरमनने मिळून आपल्या खर्चाने फाटकासमोरच्या काठावर कमरेएवढी जाळी ठोकली. ती अतिक्रमण म्हणून विभागाने काढून नेली.

४. तळ्यात जिथून गटाराचे पाणी येते तिथे गाळ साचून प्लॅस्टिकवर मातीचा थर झाला आहे. त्या मातीत कंत्राटदाराने लावलेल्या जांभळ्या फुलांच्या झाडांमध्ये एक वेगळे झाड वाढले. पोकळ दांडा, त्यावर तांबूस-जांभळे पट्टे, करवतीसारखी कातरलेली पाने आणि पांढऱ्या बारीक फुलांचे छत्रीसारखे झुपके. दिसायला ते सुंदर होते. अर्जदाराने खिडकीतून अनेकदा त्याच्याकडे पाहिले आहे. ते लावले गेले की आपसूक आले, हे कोणास ठाऊक नाही. आपल्या कार्यालयातील यादीत ते नाही, म्हणून तळ्यातही नाही, असे एका लेखनिकाने अर्जदारास सांगितले होते.

उन्हाळ्यात ओळीतल्या लोकांनी गवत माजल्याची तक्रार केली. त्यावर विभागाने यंत्र पाठवले. यंत्राने एका दुपारात काठची सारी झाडे मुळांसकट ओढून काढली आणि त्यांचा ढीग अर्जदाराच्या मागच्या फाटकासमोर घातला. गाडी उद्या येईल असे यंत्र चालवणाऱ्याने सांगितले. तो बिचारा खरेच तसे समजत असावा.

तोपर्यंत ते झाड तळ्यात उभे होते आणि कोणाच्या वाटेला गेले नव्हते. आता त्याची मुळे वर आली. मुळ्यासारखी पांढरी, एका ठिकाणी गुच्छाने जोडलेली, चिखल धुऊन गेल्यावर खावीशी वाटतील अशी.

५. गाडी आली नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी 'साहेब' उठला, नेहमीसारखा ढिगाशी गेला आणि एक मूळ तोंडात घेऊन परसात येऊन चावत बसला. सासऱ्यांनी ते काढून घेतले. कुत्रा काहीही चावतो, एवढाच विचार त्यांनी केला. अर्जदाराने एका सदऱ्याची बाही जोडली असेल नसेल, तेवढ्यात कुत्र्याच्या तोंडाला फेस आला. मग त्याला झटके येऊ लागले. ते कसे होते याचे वर्णन अर्जदार करणार नाही. वायरमनने आपली गाडी काढली. सासऱ्यांनी कुत्र्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतले. जनावरांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती चादर शांत झाली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी, काय खाल्ले, असे विचारले. सासऱ्यांनी ते मूळ खिशात घालून आणले होते. डॉक्टरांनी ते पाहताच आधी त्यांना हात धुवायला लावले, खिसासुद्धा उलटा करून धुवायला लावला. मग हातमोजे घालून मूळ उभे चिरले. आत एकावर एक कप्पे होते आणि त्यांतून पिवळसर तेलासारखा रस आला. त्या म्हणाल्या, "आजोबा, हे पाण्याकाठचं फार वाईट झाड आहे. पानापेक्षा मूळ वाईट. बोटाएवढा तुकडा माणसालाही पुरतो. याच्यावर धड उतारा नाही." कोंबड्यांचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, कोंबड्यांना किती बाधते ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण त्यांना तिकडे अजिबात सोडू नका, आणि ढीग जाळू नका, धूरही नको. जाड पिशव्यांत भरून पाण्यापासून लांब खोल पुरा.

घरी आले तो दोन कोंबड्या ढिगापाशीच आडव्या पडलेल्या होत्या. तुरेवाली त्यांतली एक.

६. अर्जदाराने त्याच दिवशी दुसरा अर्ज केला, डॉक्टरांचे पत्र जोडून. त्यावर आपले पर्यवेक्षक स्वतः आले. ते भले गृहस्थ आहेत हे अर्जदार येथे मुद्दाम नमूद करते. ढीग पाहून ते दोन पावले मागे सरले, डॉक्टरांचे पत्र त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचले. परंतु ते म्हणाले की, झाड यादीत नसल्यामुळे ते तेच आहे हे प्रयोगशाळेने सांगितल्याशिवाय विल्हेवाटीचा आदेश निघत नाही. आणि प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत ढीग जसा आहे तसा राहिला पाहिजे, नाहीतर उद्या कंत्राटदार म्हणेल की यात हे झाड नव्हतेच.

"मग तोवर याच्यावर लक्ष कोण ठेवणार?" असे वायरमनने विचारले.

पर्यवेक्षकांनी पिशवीतून कागद काढला. ढिगाचा पंचनामा झाला आणि सुपुर्दनामा तयार झाला. ओळीतल्या कोणीच पुढे येईना. तेव्हा सासरे म्हणाले, "मी आहे ना घरीच." अर्जदाराने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी चष्मा पुसून सुपुर्दनामा अक्षर न् अक्षर वाचला आणि सही केली. माल सुस्थितीत सांभाळीन, त्यात फेरफार करणार नाही, कोणास करू देणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन.

वायरमन म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही विषाचे खजिनदार."

सासरे हसले नाहीत. ज्यांनी आयुष्यभर एका चौकोनी खोलीत उभे राहून लोकांना सांभाळून वर-खाली पोचवले, त्यांना सांभाळण्याच्या कागदावर सही करणे ही थट्टेची गोष्ट वाटत नव्हती.

७. त्यानंतर त्यांनी काय केले ते ओळीतल्या प्रत्येकाने पाहिले आहे. सकाळी चहा घेऊन ते घरातली लाकडी खुर्ची ढिगाशेजारी नेऊन बसत. हातात बांबू, डोक्यावर छत्री. कोणाचे मांजर आले तर हुसकावत. शाळेतून सुटलेली मुले आली की बांबू आडवा धरत आणि सांगत, "बाळांनो, त्या बाजूनं. हे हात लावायचं नाही." मुले त्यांना 'ढीगवाले आजोबा' म्हणू लागली. जेवायला घरी या म्हटले तर येत नसत. अर्जदार ताट तिकडे नेई आणि त्यांचे जेवण होईपर्यंत स्वतः खुर्चीत बसे. एकदा अर्जदार म्हणाली, "बाबा, सही केली म्हणजे जन्माचं बांधून घेतलं का?" ते म्हणाले, "लिफ्टमध्ये माणसं असताना मी कधी खाली उतरलो नाही."

ढिगावर ताडपत्री घालू का, असे अर्जदाराने कार्यालयात येऊन विचारले. ताडपत्री घातल्यास मालाच्या स्थितीत फरक पडेल, असे तोंडी सांगण्यात आले. मुळे सुकली. नमुना प्रयोगशाळेत पोचला तेव्हा तो कुजला होता, म्हणून ताजा नमुना मागवण्यात आला. ताजा नमुना काढायला येणारा माणूस रजेवर होता. या सर्व गोष्टी अर्जदार तक्रार म्हणून लिहीत नाही. या काळात सासरे कोठे बसले होते, एवढेच ध्यानात यावे.

उरलेल्या कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवाव्या लागल्या. त्यांनी अंडी द्यायचे सोडले. सकाळी सकाळी त्या फळ्यांवर चोची आपटत. घरात पुन्हा बोलायला काही उरले नाही. अर्जदार "आज काय झालं?" असे विचारी आणि सासरे "काही नाही, सगळं जागच्या जागी आहे," असे सांगत. पावसाने काही मुळे गडगडत काठापर्यंत जात, ती ते बांबूने एकेक करून पुन्हा ढिगावर आणत. अर्जदार तिसरा अर्ज लिहायला बसली. त्यात ढीग उचला एवढेच लिहिले होते.

८. त्या दिवशी शाळेला गणवेश वेळेवर पोचवण्याची घाई होती आणि अर्जदार सकाळपासून मशीनवर होती. मशीनचा आवाज मोठा आहे. खुराड्याची कडी कोंबड्यांनी आतून धक्के देऊन देऊन सैल केली होती. एक तपकिरी कोंबडी बाहेर पडली आणि इतक्या दिवसांची कोंडलेली, ती सरळ फाटकाखालून ढिगावर गेली. हे अर्जदाराने पाहिले नाही. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी पाहिले. त्यांचे म्हणणे असे की, आजोबा उठले, त्यांनी बांबूने कोंबडीला हटवले. ती फडफडत काठावर गेली आणि घसरली. आजोबांनी बांबू टाकला. गुडघ्यांवर बसून त्यांनी हात पुढे केला. कोंबडी त्यांच्या हाताला लागली होती, असेही त्या बाई सांगतात. मग ते दोघेही दिसेनासे झाले. बाई ओरडल्या.

अर्जदाराने बाही संपवून मान वर केली तेव्हा खिडकीतून खुर्ची दिसली. खुर्चीत कोणी नव्हते. छत्री उघडी होती.

अर्जदार धावली. सासरे काठाशी उभे राहायचा प्रयत्न करत होते. पाणी त्यांच्या छातीएवढेच होते. महोदय, हे कृपया लक्षात घ्यावे. ज्या पाण्यात माणूस उभा राहू शकतो त्यातून त्यांना बाहेर येता येत नव्हते. ते प्लॅस्टिकवर दोन्ही हात टेकत आणि दोन्ही हात खाली येत. दर वेळी पाय सुटून डोके पाण्याखाली जाई. अर्जदाराने हात दिला, तर अर्जदारही घसरू लागली. "तू मागं हो," असे ते म्हणाले. अर्जदार घरात पळाली आणि गणवेशाच्या कापडाचा ताका घेऊन आली. त्याचे एक टोक फाटकाच्या खांबाला गुंडाळले आणि ताका पाण्यात सोडला. सासऱ्यांनी कापड धरले, पण त्यांच्या हातांत तोवर ओढण्याची ताकद राहिली नव्हती. वायरमन शिडी घेऊन आला, पाण्यात उतरला, मग ते वर आले. ते निळे पडले होते. बराच वेळ खोकत राहिले. कोंबडीचे काय झाले हे त्या वेळी कोणी पाहिले नाही. ती दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला लागलेली सापडली.

९. गढूळ पाणी छातीत गेले होते. इस्पितळ तेच होते, जिथे त्यांनी नोकरी केली. आता तिथली लिफ्ट आपोआप चालते. त्यांना ढकलगाडीवरून वर नेताना दार अर्जदाराच्या अंगावर बंद होऊ लागले, तेव्हा त्यांनी आडव्यानेच हात बाहेर काढून ते अडवले. वॉर्डातल्या जुन्या परिचारिकेने त्यांना ओळखले. ती म्हणाली, "यांनी मला कितीदा तरी वर नेलंय."

ताप चढत गेला. श्वास घेताना छातीत घरघर वाजे. अर्जदार शेजारी स्टुलावर बसून असे. एका संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "ढिगापाशी कोण बसलंय?"

अर्जदार म्हणाली, "वायरमन बसलाय."

"खुर्ची आहे ना त्याला?"

"आहे, बाबा."

"मुलं सुटायची वेळ झाली. त्याला सांग, बांबू आडवा धरायचा. नुसतं ओरडून ऐकत नाहीत."

मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच ते म्हणाले, "तुला उगाच त्रास झाला. तुझा ताका भिजला." पती गेल्यापासून इतक्या वर्षांत त्यांनी अर्जदाराच्या कुठल्या नुकसानीविषयी पहिल्यांदा बोललेले हे वाक्य. अर्जदाराने त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

१०. आता ढिगाविषयी.

वायरमन तिथे बसलेला नव्हता. कोणीच बसलेले नव्हते. सासऱ्यांना निरोप देऊन अर्जदार घरी आली, मागच्या खोलीत गेली आणि सवयीने खिडकीतून पाहिले, तर दोन लहान मुली ढिगाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी भातुकली मांडली होती. एका थाळीत पांढरी मुळे चिरून ठेवलेली होती. चिरायला त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला होता.

अर्जदाराने त्यांना उचलून घरात आणले, हात धुतले, तोंडे धुतली, नखे काढली, काही खाल्ले का असे पुन्हा पुन्हा विचारले. दोघी रडू लागल्या. खाल्ले नव्हते. "आधी पाहुणे येणार होते," असे धाकटी म्हणाली. अर्जदाराने त्यांना आयांच्या स्वाधीन केले. मग गणवेशांची जाड पोती आणली, वायरमनकडून रबरी हातमोजे घेतले. वायरमनने कुदळ घेतली. तो म्हणाला, "वहिनी, कागदाचं काय?" अर्जदार म्हणाली, "कागद ज्यांनी सांभाळायचा ते सांभाळून गेले."

अंधार पडेपर्यंत सारा ढीग पोत्यांत भरला गेला. परसात जिथे खुराडे होते ती जागा घराच्या भिंतीजवळ, उंचावर आणि तळ्यापासून सर्वांत लांब आहे. उरलेल्या कोंबड्या अर्जदाराने वायरमनच्या बहिणीकडे पाठवल्या, खुराडे मोडले आणि तिथे माणूस कमरेपर्यंत आत उभा राहील इतका खोल खड्डा केला. पोती त्यात घातली. वर दगड, त्यावर माती. मोडलेल्या फळ्या जाळल्या नाहीत, त्याही सोबत पुरल्या. हातमोजेसुद्धा.

सदर कृत्य अर्जदाराने स्वतः, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे असे केले आहे. वायरमनने फक्त खणले. खड्डा कशासाठी आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते, असे तो सांगेल, आणि ते खोटे असले तरी कृपया मान्य करावे. सासऱ्यांनी आपल्या हयातीत मालात कसलाही फेरफार केला नाही व कोणास करू दिला नाही. सुपुर्दनाम्याचा भंग झाला तो सुपुर्ददार मरण पावल्यानंतर. माल पाहिजे असल्यास तो जागेवर आहे; विभागाने माणसे पाठवून खणून मोजून घ्यावा, परंतु येताना हातमोजे आणावेत.

११. सबब विनंती की,

नोटीस सासऱ्यांच्या नावावरून काढून अर्जदाराच्या नावे करावी. जी काही कारवाई असेल ती अर्जदारावर करावी.

तळ्यात गाळाच्या जागी त्याच झाडाचे नवे कोंब आले आहेत. खिडकीतून दिसतात. ते फुलावर येण्याआधी जाणत्या माणसांकडून मुळांसकट काढावेत आणि काढल्या दिवशीच तेथून न्यावेत. यादीत नसले तरी न्यावेत.

काठाला एका बाजूने उतार द्यावा. कोंबड्यांसाठी नको. अर्जदाराकडे आता कोंबड्या नाहीत, कुत्रा नाही. आत पडलेल्या कोणालाही, तो कोणीही असो, पाय टेकवून चालत बाहेर येता यावे एवढाच उतार पुरे. तो होईपर्यंत खांबाला बांधून एक दोरी पाण्यात सोडावी. दोरी विभागाकडे उपलब्ध नसल्यास अर्जदार बांधील. ती अतिक्रमण म्हणून काढू नये.

शेवटचे. नोटिशीत सुनावणीची तारीख दिली आहे. आपल्या कार्यालयात सुनावणीच्या वेळी शिपाई दारात येऊन मोठ्याने नावाचा पुकारा करतो, हे अर्जदाराने तिथल्या बाकावर बसून ऐकलेले आहे. त्या दिवशी सासऱ्यांच्या नावाचा पुकारा करू नये. अर्जदाराच्या नावाचा करावा. अर्जदार हजर असेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सुपुर्ददाराची सून

दिनांक : नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१) सुपुर्ददाराच्या मृत्यूचा दाखला.
२) जनावरांच्या डॉक्टरांचे पत्र, दुसरी प्रत. पहिली आपल्याकडे आहे.
३) आपली नोटीस, परत.